सुटला की सोडला

कवळीला मासे आवडत नाहीत. खायलाही नाही आणि पकडायलाही नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण त्या जोडून आलेल्या सुट्टीची तो ज्या पद्धतीने वाट बघत होता ना, ते ऐकून कुणालाही वाटेल की हा माणूस मागच्या जन्मी बगळा असणार.

आता कवळी हे काही त्याचं नाव नाही, काम आहे. दातांच्या लॅबमध्ये नोकरीला. डॉक्टर लोक पेशंटच्या जबड्याचे ठसे घेऊन पाठवतात, हा त्यात प्लॅस्टर ओततो, साचा काढतो आणि मग गुलाबी मेणात एकेक दात बसवत दिवसभर मान मोडून बसतो. माणूस कधी समोर येतच नाही. नुसता जबडा येतो. मित्रांनी पहिल्या पगाराच्या दिवशी त्याला कवळी म्हणायला सुरुवात केली, आणि आता त्याची आईसुद्धा चिडली की म्हणते, "ए कवळी, पंखा बंद कर."

तर हा कवळी, आणि त्याचे दोन मित्र. एक मास्तर. शाळेतला नाही हं, ड्रायव्हिंग स्कूलमधला. दिवसभर लोकांच्या शेजारी बसून ब्रेकवर पाय ठेवून ठेवून त्याचा उजवा पाय झोपेतही दाबला जातो. दुसरा जावईबापू. ह्याचं नुकतंच लग्न झालंय आणि सासरी इतके लाड चालू आहेत की गडी चालतानाही हार घातल्यासारखा मान वर करून चालतो. गेल्या वर्षी ह्या तिघांनी मोठ्या सुट्टीत एक बोट ठरवली होती, पहिला दिवस किनाऱ्याजवळ, दुसरा दिवस खोल पाण्यात. मासेमारी हौसेची. पकडायचा, बघायचा, परत सोडायचा. मास्तरला वेड होतं, जावईबापूला फोटो हवे होते आणि कवळीला बळजबरीने नेलं होतं.

आणि तिथे ती होती. कप्तान.

बोट तिच्या मामांची, पण चाक हिच्या हातात. मामा खाली डेकवर, ही वर. उन्हाने रापलेली, तोडून बोलणारी, आणि हसली की वरचा डावीकडचा सुळा शेजारच्या दातावर थोडासा चढलेला दिसायचा. थोडासाच. दुसऱ्या कुणाला दिसला पण नसता. पण कवळीचा धंदाच तो. त्याने आयुष्यभर सरळ दात बसवलेले, आणि हा एक वाकडा दात त्याच्या डोक्यात असा काही बसला की बास.

मागच्या वर्षी त्या दोन दिवसांत काय झालं? तसं काहीच नाही. तेच तर दुखणं आहे. पहिल्या दिवशी 'तुम्ही', दुसऱ्या दिवशी दुपारी कधीतरी 'तू'. तिने त्याला संत्रं सोलून दिलं. त्याने तिला खिशातल्या मेणाचा एक दात करून दाखवला, तिने तो चाकासमोरच्या काचेला चिकटवून टाकला. आणि निघताना, धक्क्यावर, गाडीत सामान टाकून झाल्यावर, तिने विचारलं, "मग? पुढच्या सुट्टीच्या आधी येशील का कधी?"

आणि ह्या महाभागाने काय म्हणावं?

"बघू."

बघू! अरे, काय बघू? वर्षभर हा माणूस आंघोळ करताना, भाजी घेताना, जिन्यावर, मध्येच थांबून स्वतःलाच म्हणायचा, "बघू काय बघू, गाढवा." फोन नंबर होता, तो मामांचा. मामांना फोन करून काय सांगणार?

आणि मग लॅबमध्ये तो प्रकार झाला. एका आजीबाईंची पूर्ण कवळी करायची होती. याने केली, घासली, चमकवली, पाठवली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन, "अहो, वरचा डावा सुळा वाकडा बसलाय, शेजारच्यावर चढलाय, बघितलं नाहीत का?" कवळीच्या हातून आजवर असं झालं नव्हतं. त्याने मुद्दाम केलं नव्हतं हो, हात आपोआप गेला होता. "परत पाठवा, लगेच दुरुस्त करतो," म्हणाला. तर संध्याकाळी डॉक्टरांचा परत फोन, "राहू दे. आजीबाई द्यायला तयार नाहीत. म्हणतात, ही खरी वाटते."

त्या दिवशी कवळीने ठरवलं की या सुट्टीला सांगायचं. काहीही होवो.

पण सुट्टीच्या आधी बोट ठरवायला मास्तरने फोन लावला, स्पीकरवर, आणि मामा पलीकडून ओरडून म्हणाले, "या या! बरं झालं आत्ताच येताय. पोरगी चालली आता. परीक्षा पास झाली, मोठ्या जहाजावर लागलीय. सुट्टी संपली की निघतेय. मग मी आणि माझे गुडघे!"

मास्तर म्हणाला, "वा वा, अभिनंदन!"

कवळीच्या हातात चहाचा कप होता. तो तसाच राहिला.

*

पोचल्यावर ती धक्क्यावर उभी होती, दोर गुंडाळत. कवळीने गाडीत अख्ख्या रस्ताभर एक वाक्य तयार केलं होतं. ते म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "नमस्कार. कशा आहात?"

तिने दोर खाली ठेवला. "बरी आहे. तुम्ही?"

संपलं. वर्षभर जपून ठेवलेला 'तू' गेला पाण्यात. जावईबापूने मागून त्याच्या पाठीत बॅग मारली, "अरे पुढे हो की, सत्कार समारंभ आहे का?"

पहिला दिवस किनाऱ्याजवळचा. त्याला छोटी होडी. खडकांच्या कडेकडेने, पाणी इतकं उथळ की खालची वाळू दिसते, सावल्या दिसतात. मामा पुढे, कप्तान मागे इंजिनाशी, मधे हे तिघं दाटीवाटीने. कवळीने बरोबर मागची जागा पकडली. म्हणजे ती हातभर अंतरावर. नुसती मान वळवायची आणि बोलायचं.

मान वळवली, की जावईबापूचा फोन.

"हो गं, जेवलो. नाही गं, टोपी घातलीय. हे बघ, दिसतोय का समुद्र? हा समुद्र. हा मास्तर. हा कवळी. ए कवळी, हाय कर!"

कवळीने हाय केलं. तेवढ्यात त्याच्या हातातली काठी वाकली, रीळ किर्रर्र करून फिरलं, याने घाबरून हिसका दिला, पाण्यात चांदीसारखं काहीतरी लखलखलं आणि दोरी एकदम मऊ पडली.

"गेला ना!" मास्तर कळवळला.

"जाऊ दे," कवळी उगाच तोऱ्यात म्हणाला. "मीच सोडला त्याला."

मागून कप्तानचा आवाज आला, "सोडला नाही. सुटला."

"एकच ना?"

"एकच कसं? मामा, सांगा यांना."

मामा वळून बसले. त्यांना सांगायला कुणी सांगितलं की त्यांचे गुडघे दुखायचे थांबतात. "हे बघा, गळाच्या वर ही शेवटची जाड दोरी आहे ना, हिला आम्ही जाडी म्हणतो. मासा बोटीपाशी आला, आणि आपल्यापैकी एकाचा हात ह्या जाडीला लागला, की झाला, पकडला तो. मग गळ काढा, जाऊ द्या, त्याला म्हणायचं सोडला. आणि हात लागायच्या आधीच गेला, तर तो सुटला. सुटलेला मोजायचा नाही. त्याचा फोटो नाही, निशाण नाही, काही नाही."

"निशाण कसलं?" जावईबापूने फोन खाली ठेवला. फोटोची गोष्ट निघाली होती ना.

"माशाचं चित्र असतं त्यावर, परत येताना बोटीवर लावतो. खोल पाण्यातला मोठा मासा सोडला असेल तर त्याचं निशाण उलटं लावायचं. उलटं निशाण दिसलं की धक्क्यावरचे समजतात, ह्यांच्या हाताला लागला होता, आणि ह्यांनी जाऊ दिला."

"मग मागच्या वर्षी आमचं एकही निशाण का नव्हतं?" मास्तरने विचारलं.

कप्तानने इंजिन थोडं वाढवलं. "मागच्या वर्षी काही हाताला लागलंच नाही," ती म्हणाली. "सगळं सुटलं."

कवळी पाण्याकडे बघत बसला. कानापर्यंत लाल झाला, पण उन्हात कळलं नाही.

मग काय, दिवसभर तेच. जावईबापूच्या हातून उकडलेलं अंडं पाण्यात पडलं, मास्तर ओरडला, "सुटलं!" जावईबापू म्हणाला, "अरे सोललं होतं मी, हात लागला होता, सोडलं म्हण!" टोपी उडाली, सुटली. बायकोचा फोन कट झाला, सुटला. मामा हसून हसून खोकले. कवळी पण हसला. आणि प्रत्येक वेळी हसताना चोरून मागे बघत होता. तीही हसत होती. सुळा होता जागेवर.

बोलणं मात्र झालं नाही.

*

संध्याकाळी धक्क्यावरच्या खोलीत, जावईबापू बाहेर रेंज शोधत फिरत असताना, मास्तर पलंगावर पडल्या पडल्या म्हणाला, "बोल."

"काय बोल?"

"मी दिवसभर लोकांच्या शेजारी बसतो. समोर रस्ता सोडून कोण कुठे बघतंय, मला बरोबर कळतं. तू आज अख्खा दिवस मागच्या आरशात बघून गाडी चालवलीस."

कवळीने सगळं सांगितलं. बघू सांगितलं, आजीबाई सांगितल्या, सगळं. मास्तर आजीबाईंवर इतका हसला की पलंग करकरला. मग डोळे पुसले.

"इंडिकेटर दिलास का तिला? कधीतरी?"

"नाही."

"आणि आता ती निघाली."

"हो."

"मग सांगून काय होणार? थांब म्हणणार आहेस?"

"नाही रे. थांब कसं म्हणू? एवढा अभ्यास करून पास झालीय." कवळी उशीची शिवण उसवत बसला होता. "नुसतं तिला माहीत पाहिजे. नाहीतर तिला वाटणार, हा बघू म्हणाला आणि खरंच काही बघितलंच नाही ह्याने."

मास्तर कुशीवर वळला. "उद्या दिवसभर ती वर चाकावर असणार," तो म्हणाला. "आणि तू खाली. कसं सांगणार, भोंगा लावून?"

*

दुसऱ्या दिवशी मोठी बोट. किनारा मागे गेला, बारीक झाला, मग पेन्सिलीची रेघ झाला, मग पुसला गेला. पाण्याचा रंग हिरव्यातून निळ्यात आणि निळ्यातून असा काही गर्द झाला की आत हात घातला तर रंग लागेल असं वाटावं. मागे आमिषं ओढत बोट आपली चाललीय, चाललीय, इंजिनाचा एकच सूर, आणि काहीही होत नाही. खोल पाण्यात असंच असतं. वाट बघायची. कवळी त्यात आता तयार झाला होता.

बोट लागून जावईबापू आडवा झाला होता. चेहरा काकडीसारखा. बायकोने फोन केला तर मास्तरने उचलून सांगितलं, "वहिनी, ते ध्यान करतायत."

रॉड पहिल्यांदा कुणाला, यासाठी काड्या काढल्या होत्या. लांब काडी कवळीला. त्याने मास्तरला देऊ केली, मास्तर म्हणाला, "गप बस, धर." वर चाकावर कप्तानची पाठ दिसत होती. आणि काचेच्या कोपऱ्यात काहीतरी गुलाबी चिकटलेलं. कवळीने डोळे बारीक केले. मेणाचा दात. उन्हाने वितळून आता त्याचा दात उरला नव्हता, नुसता थेंब झाला होता. पण होता तिथेच.

आणि तेवढ्यात रीळ किंचाळलं.

किंचाळलं म्हणजे किंचाळलंच. दोरी अशी सुटली की धूर निघेल. लांब मागे पाणी फुटलं आणि तो बाहेर आला, उभाच्या उभा, नाकाला भाला, पाठीवर निळं शीड उघडलेलं, डोकं झटकत शेपटीवर नाचला आणि परत आत.

"शीड! शिडाचा मासा आहे!" मामा ओरडले. "दोरी ताठ ठेवा! ताठ!"

"क्लच! क्लच!" मास्तर ओरडला. सवय, दुसरं काय.

कवळी ओढतोय, गुंडाळतोय, मासा परत दोरी घेऊन जातोय, हा परत गुंडाळतोय. हाताचे दोर झाले, शर्ट अंगाला चिकटला, मासे आवडत नाहीत हे तो पार विसरून गेला. किती वेळ गेला काय माहीत. मासा दमला, जवळ यायला लागला. मामांनी हातमोजे घातले.

तर वरून आवाज, "मामा, तुम्ही चाक घ्या. मी येते खाली."

"का? माझे हात काय गळून पडलेत?"

"शेवटची फेरी आहे माझी. एक तरी मला धरू द्या की."

मामा पुटपुटत वर गेले, ती शिडीवरून उडी मारून खाली आली. मोजे चढवले. कवळीच्या शेजारी येऊन कठड्यावर वाकली. मास्तरने एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं. "जावईबापूला पाणी देतो," म्हणाला आणि आत जाऊन दार ओढून घेतलं. भला माणूस.

"गुंडाळ," ती म्हणाली.

गुंडाळा नाही. गुंडाळ.

कवळीने गुंडाळलं. पाण्यात खाली निळी-जांभळी सावली फिरत होती. जाडी पाण्याबाहेर आली, ठिबकत. तिच्या हातापासून आता जेमतेम वीतभर. आणि एकदम कवळीच्या लक्षात आलं, की हिचा हात लागला की संपलं. ही गळ काढणार, मासा जाणार, ही शिडी चढून वर जाणार. आणि मग धक्का, गाडी, जहाज.

त्याने रिळाचा ब्रेक ढिला केला.

किर्रर्र करून मासा परत लांब गेला.

"अरे! काय करतोयस?"

"हात दुखला."

वरून मामा गरजले, "काय झालं रे?" ती म्हणाली, "काही नाही, मामा!" याने परत गुंडाळलं. परत जाडी वर आली. परत तिने हात पुढे केला. याने परत ब्रेक सोडला.

आता ती माशाकडे बघत नव्हती. "मुद्दाम करतोयस."

"एक सांगायचंय."

"मासा आल्यावर सांग."

"मासा आल्यावर तू वर जाशील."

ती कठड्यावर तशीच वाकून राहिली, हात पाण्यावर धरून.

आणि वर्षभराची तयारी, गाडीतलं वाक्य, सगळं बाजूला राहिलं आणि कवळी म्हणाला, "मी एका आजीबाईंच्या तोंडात तुझा सुळा बसवला."

"काय बसवलं?"

"सुळा. हा डावीकडचा. थोडा चढलेला. मुद्दाम नाही बसवला, आपोआप बसला. रोज तोच डोळ्यासमोर, मग काय होणार? डॉक्टरांनी विचारलं, मी म्हटलं परत पाठवा, तर आजी देईचनात. म्हणे खरी वाटते."

"म्हणजे," ती हळूहळू म्हणाली, "माझा दात घालून एक म्हातारी गावभर हिंडतेय?"

"हो. जेवतेय वगैरे."

आणि ती हसली. मान मागे टाकून, डोळे मिटून, अशी हसली की सुळा उन्हात चमकला आणि कवळी बघतच राहिला, रीळ विसरला, दोरी विसरला, वर्ष विसरला.

दोरी मऊ पडली.

दोघांनी खाली बघितलं. सावली नव्हती. जाडी पाण्यावर तरंगत होती, सैल, वाकडीतिकडी. तिच्या हाताला लागली नव्हती.

"सुटला," कवळी म्हणाला.

इंजिन मंद झालं होतं, बोट हलत होती. मग ती पाण्याकडे बघतच म्हणाली, "तू बघू म्हणालास. मी पण बघितलं काही दिवस. धक्क्यावर गाडी आली की बघायचे. मग म्हटलं, अशी बसून राहण्यापेक्षा परीक्षेला बसलेली बरी."

"चांगलं केलंस."

"मला जायचंय रे. नाइलाजाने नाही, हौसेने चाललेय. मला फार दिवसांपासून हवं होतं हे."

"माहितीये. मी थांब म्हणायला नाही आलो."

"मग कशाला आलास?"

"सांगायला. सुळ्याचं."

कवळीची मूठ अजून रिळाच्या दांडीवर आवळलेली होती. बोटं पांढरी पडलेली, उघडतच नव्हती. तिने हातमोजा काढला. उघड्या हाताने त्याचं एकेक बोट धरून दांडीवरून उकललं, करंगळीपासून. खरखरीत, गार, खारट हात. "सोड," ती म्हणाली, "सोड आता, मासा कधीच गेला." शेवटचं बोट सुटलं तरी तिने हात तसाच धरून ठेवला, जरासा, आणि मग अलगद कठड्यावर नेऊन ठेवला आणि आपला काढून घेतला.

मग शिडी चढून वर गेली.

*

परत येताना जावईबापू उठून बसला होता, किनारा दिसल्यावर त्याला भूक लागली. मास्तर कवळीशेजारी येऊन टेकला.

"दिलास इंडिकेटर?"

"दिला."

"वळलास?"

कवळीने नाही म्हणून मान हलवली. मास्तरने त्याच्या मानेवर हात ठेवला आणि धक्का येईपर्यंत काढला नाही.

बंदराच्या तोंडाशी कप्तानने चाक मामांकडे दिलं आणि खालच्या कप्प्यातून शिडाच्या माशाचं निशाण काढलं. दोरीला बांधलं, उलटं, आणि वर चढवलं.

मामा बघतच राहिले. "अगं ए! हे काय? तो तर सुटला ना? हात कुठे लागला होता?"

"लागला होता, मामा," ती गाठ आवळत म्हणाली. "तुम्ही वर होतात. तुम्हाला दिसलं नाही."

मामांनी कवळीकडे बघितलं. कवळी पाण्याकडे बघत होता. निशाण वाऱ्यावर फडफडत होतं, निळा मासा डोकं खाली, शेपूट वर.

शेजारच्या बोटीवरच्या कुणीतरी ते बघितलं आणि दोन्ही हात तोंडाभोवती धरून ओरडला, "अरे वा, कप्तान! सोडलात? केवढा होता?"

तिने एकदा मागे वळून बघितलं. मग हात वर केला, आपल्या डोक्यापेक्षा वीतभर उंच, बरोब्बर कवळीच्या उंचीएवढा, आणि ओरडून म्हणाली, "एवढा!"